मायच्या कमरेवरची बिब्ब्याची फुली

मायच्या कमरेवर मी बिब्बा लावला तेव्हा दुखण्याचं खरं कारण मला ठाऊक नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "हाडं दुखायला लागली की एक दिवस थांबू नका."

यंदा मोहफुलांच्या दिवसांत मी ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या क्वार्टरमधून गडचिरोलीकडच्या आमच्या गावी गेले. माय फुलं वेचायची टोपली बाजूला ठेवून मोहाच्या झाडाला टेकून उभी होती. तिला खाली बसताच येत नव्हतं.

"वाकून वाकून कंबर भरली," ती म्हणाली.

मला तेच ऐकायचं होतं. पुन्हा तो दवाखाना, पुन्हा तो शब्द, माझ्यात हिंमतच नव्हती. मी दाभण तापवून बिब्ब्यात खुपसलं आणि त्याच्या काळ्या तेलाची मोठी फुली तिच्या कमरेवर ओढली. आमच्याकडे घरोघरी हेच करतात. पण बिब्बा उतला. फोड आले, फुटले, कातडी सोलून निघाली. दुखणं होतं तिथंच.

शेवटी तिला नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार कमरेच्या हाडात पसरलाय. तो जाणार नाही, पण हाडापर्यंत सुई घालून तिथली गाठ गोठवली तर दुखणं कमी होईल, बसता येईल. मग त्यांनी लुगडं सरकवून जागा पाहिली. सुई नेमकी तिथूनच घालायची होती.

"एवढ्या जखमेतून नाही घालता येणार. कुणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "मीच लावला जी. पोरगी नाईच म्हनत होती."

आणि मी, शिकलेली बाई, गप्प बसले. जखम भरायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे माय भिंतीला धरून उभ्यानं जेवली. तिच्यासमोर बसून जेवायची मला लाज वाटायची.

मग गाठ गोठवली. सुईच्या टोकाशी बर्फाचा गोळा होतो, असं सिस्टरनं समजावलं तेव्हा माय हसली. "उन्हाळ्यात बरंच हाये की मंग."

आठवड्याभरानं ती घरी हळूच पाटावर बसली. मी भात वाढत होते. मला राहवलं नाही.

"माय, बिब्बा लावला तेव्हा मले माहीत होतं. हे तेच दुखणं हाये म्हनून."

"मलेबी माहीत होतं," ती म्हणाली. "तू लय भेली होती. तुह्या जिवाले बरं वाटून राह्यलं होतं, म्हनून लावू देल्ला."

आणि तिनं भातासाठी ताट पुढं केलं.