आत्याने दिलेली कावीळ

आमच्या घरातली वाईट बातमी मुलुंडच्या त्या इमारतीत कुणाला जशीच्या तशी कधी कळली नाही. बाहेर पडण्याआधी ती आत्याच्या हाताखालून जायची. संपात काकांची गिरणी सुटली, तर "त्यालाच कापसाची धूळ सोसेना, म्हणून सोडली." चुलतबहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तर "पत्रिकाच जुळेना." आत्या विधवा होऊन भावाच्या घरी आली होती, तेव्हा तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते तिने ऐकलं होतं. ती म्हणायची, "लोकांच्या तोंडात आपणच काहीतरी घालावं. नाहीतर ते आपल्यालाच चघळतात."

मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट तिचाच. मला इंग्रजी वाचता यायचं, पण चारचौघांत कुठल्याच भाषेत बोलता यायचं नाही. माझ्या वतीने तीच बोलायची. एफवाय बीएस्सीला मी नापास झाले, वर्ष गेलं, तेव्हाही काय सांगायचं ते तिनेच ठरवलं. मी उशीत तोंड खुपसून रडत होते. ती शेजारी बसली, बराच वेळ पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रड, पण आवाज नको. उद्यापासून तुला कावीळ झालीय."

जून महिना होता, कावीळ शोभून गेली. शेजारच्या सावंतकाकू त्यांच्या चारूबरोबर उसाचा रस पाठवू लागल्या. घरात भजी तळली तरी माझ्या ताटात मऊ भात, न जाणो कुणी अचानक आलं तर! काकूंनी फारच आग्रह धरला तेव्हा आत्या त्यांच्यासोबत मला घाटकोपरच्या कावीळ उतरवणाऱ्याकडेही घेऊन गेली. त्याने माझ्या हातांना कसलासा रस चोळला आणि ते चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. काकू हळहळल्या. आत्याने तर त्या पाण्याला हात जोडले. घरी आल्यावर मी तिला विचारलं, मला नव्हतीच तर उतरलं काय?

"उतरलं ना? मग गप्प बस."

खोलीचा पडदा ओढून मी वर्षभर तीच पुस्तकं पुन्हा वाचली. त्यात आत्याने काही कमी केलं नाही. पहाटे माझ्याआधी उठून दूध गरम करायची, कुणी आलं की 'अशक्तपणा आहे, झोपलीय' म्हणून दारातूनच वाटेला लावायची. परीक्षा मी बोरिवलीच्या मावशीकडे राहून दिली. फर्स्ट क्लास मिळाला. पेढे मात्र वाटता आले नाहीत, कारण आत्याच्या सांगण्याप्रमाणे ती परीक्षा मी आदल्या वर्षीच पास झाले होते. त्याऐवजी माझ्या तब्येतीसाठी सत्यनारायण घातला. बायका माझ्या गालावरून हात फिरवत होत्या, आत्याने पोरीला वाचवलं म्हणत होत्या. मी प्रसादाचा शिरा वाटत होते.

पुढे दोनेक वर्षांनी चारू बारावीला नापास झाली. जेवेना, पुन्हा परीक्षेला बसणार नाही म्हणू लागली. न बोलावता मी कुणाच्या घरी गेले ती तेव्हा एकदाच. माझ्या मागोमाग आत्याही आली. मी चारूला सगळं सांगून टाकलं. मीही नापास झाले होते, कावीळबिवीळ काही नव्हती, पुन्हा बसले आणि पास झाले. एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. चारू रडायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"खरं, आत्या?"

नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आत्याने चारूच्या तोंडावरचे केस मायेने मागे सारले.

"हिचं मन हळवं आहे गं. तुला बरं वाटावं म्हणून बोलते. एवढी हुशार मुलगी, ती कशाला नापास होईल?"

चारू भिंतीकडे तोंड करून झोपली. ती पुन्हा परीक्षेला बसली नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं.

आत्या गेल्या वर्षी गेली. चारू कडेवर मूल घेऊन भेटायला आली होती. डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, आत्या होत्या म्हणून ताई त्या वर्षातून उठली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेवढं खरं होतं.