फाइलमध्ये नसलेली नोंद

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकंच फिरतं. मी कोड लिहितो. फाइलमध्ये नाही ते स्क्रीनवर येत नाही, एवढंच मला कळतं... कळत होतं.

मोताळ्याला माझ्या मित्राचं, जावेदचं कृषी केंद्र आहे. बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली, तशी लोकं मिळेल ते फवारू लागली, आणि फवारता फवारता पडू लागली. म्हणून मी जावेदला एक वेब पेज करून दिलं — बाटलीवरचं नाव टाका, आत कोणतं विष आहे ते बघून डॉक्टरला सांगा. सगळी माहिती एका JSON फाइलमध्ये. नेटचा काय भरवसा, म्हणून सकाळी एकदाच फाइल लोड करायची आणि नावावरून Map, म्हणजे शोधसूची, बनवायचा. मग हजारो नावं असली तरी हवं ते एका झटक्यात मिळतं. फाइलचा पासवर्ड फक्त माझ्याकडे; नाव घालणं-काढणं मलाच शक्य, हे जावेदलाही माहीत.

त्या दुपारी मी दुकानातच होतो. शेतातून फोन आला, माझे काका फवारताना कोसळले. बाटली आठवडी बाजारातली, नाव 'बोंडराजा', आत काय आहे ते लिहिलेलंच नाही. मी नाव टाकलं. लगेच नोंद आली. रसायनाचं ते लांबलचक नाव मी एकेक अक्षर करून डॉक्टरांना फोनवर सांगितलं, त्यांनी केस पेपरवर उतरवलं. काका वाचले. मी खुशीत टॅब बंद केला. फाइलमध्ये आहेच म्हटल्यावर कोण लिहून ठेवतं?

आठवड्याने जावेदचा भाऊ रफिक पडला. तीच बाटली. मी नाव टाकलं... undefined. म्हणजे अशी नोंदच नाही.

"पुन्हा टाक बे," जावेद म्हणाला. "काऊन नाही दाखवून राह्यलं?"

मूळ फाइल उघडली. नाव नाही. जुन्या कॉप्या पाहिल्या. कधीच नव्हतं.

मग दवाखान्यात काकांचा केस पेपर शोधणं आलं. आधीचे डॉक्टर रजेवर. गठ्ठ्यातला एकेक कागद, वरून खाली... पाऊण तास गेला. सापडला, रसायनाचं नावही होतं. रफिक तोवर गेला होता.

कॅशे, सर्व्हर, सगळं तपासलं. ती नोंद कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. पण मी ती लिहून ठेवली नाही, हे मात्र मला छळतं.

जावेद मला एक शब्दही उणा बोलला नाही. कब्रस्तानातून परत येताना फक्त म्हणाला, "तुह्या काकाच्या टायमाले तं लगेच सापडलं होतं ना?"

मी हो म्हणालो.