अजायबघरातलं कुंकू

आम्हा सांगलीकडच्या लोकांना नागपूर म्हणजे जवळजवळ उत्तर हिंदुस्थानच. चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात शिक्षकांच्या पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी मी तिथे गेले होते. मधल्या रविवारी सोबतच्या शिक्षिका महाल भागातल्या बाजारात साड्या बघायला निघाल्या. येता का, असं त्यांनी मला विचारलं, पण अशा आवाजात की नाही म्हणणं सोपं जावं. नवरा जाऊन आठ महिने झालेल्या बाईबरोबर साड्या बघणं त्यांना जड जात असणार. मलाही त्यांची कीव नकोच होती. मी एकटीच अजायबघर बघायला गेले.

एकटीनं हिंडण्यात एक सोय असते, कंटाळा आला तरी कुणाला सांगावं लागत नाही. पेंढा भरलेला वाघ पाहिला, गंजलेल्या तलवारी पाहिल्या, ताम्रपट कळल्यासारखा चेहरा करून वाचला. इतिहास शिकवणाऱ्या बाईला एवढं सोंग जमायलाच हवं. पण 'हे बघितलंत का' म्हणायला शेजारी कुणी नाही, हे मला दर कपाटापाशी नव्यानं कळत होतं, आणि दर वेळी तितकंच वाईट वाटत होतं.

मूर्तींच्या दालनात भिवापूरकडची एक बाई आली. नवरा मागे वाघापाशी अडकलाय, असं तिनंच सांगितलं. चपला तिनं दाराबाहेर काढल्या होत्या. नाक तुटलेल्या एका देवीपुढे ती वाकली, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि दगडाला बोट टेकवलं. पहारेकऱ्यानं ते पाहिलं आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. देवीला कुंकू लावलं की जवळ असेल त्या सवाशिणीलाही लावायचं, ही रीत. ती माझ्याकडे वळली. माझ्या हातात दोन बांगड्या, अंगावर रंगीत पातळ. शहरातली मास्तरीण कुंकू लावायला विसरली असेल, असंच तिला वाटलं.

"कपाळ मोकळं काहून जी, बाई?" ती म्हणाली. "देवीपाशी असं उभं राहू नये."

एका शब्दात तिला थांबवता आलं असतं. पण तो ऐकून तिचा हात मागे गेला असता, आणि इतक्या महिन्यांत माझ्या चेहऱ्याला कुणी हात लावला नव्हता. मी मान पुढे केली. तिचं बोट खरखरीत होतं.

"घरवाले काय करतात?" तिनं विचारलं.

"बँकेत आहेत," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी सगळं अजायबघर पुन्हा हिंडले, वाघासकट. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, तरी पाऊल हलकं पडत होतं.

संध्याकाळी सायकलरिक्षा धरमपेठेत वळली, तर आमच्या मुक्कामाच्या फाटकाशी सोबतच्या बाया पिशव्या घेऊन उभ्या दिसल्या. मी रिक्षा कोपऱ्यावरच थांबवली. एप्रिलमध्ये माझं कुंकू पुसलं ते सासरच्या बायकांनी. मी नुसती बसून होते, मला काही करावं लागलं नव्हतं. या वेळी मी पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि माझं मीच पुसलं.