नानांच्या शेतावर अक्काचं भरीत

अक्का गेल्याची बातमी मला ज्या माणसाने दिली, त्याने आयुष्यभर तिला निवडणुकीत पाडायचा प्रयत्न केला होता. आमच्या गावचे माजी नगराध्यक्ष, नाना. मी कामासाठी जळगावला गेलो होतो. फोन उचलला तर नानांनी आधी दोनदा नाक शिंकरलं. मग म्हणाले, “भाऊ, निघून ये. अक्का गेल्या.” आणि फोन ठेवता ठेवता, “आता भांडायचं कोणाशी…” धुळ्याच्या एसटीत बसल्यावर मला रडू आलं. पण पारोळा गाव मागे पडलं आणि नानांच्या शेतावरचं ते भरीत आठवलं. मी असा काही हसलो, की शेजारच्या बाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

अक्का नात्याने माझी काकू. माहेर भुसावळजवळचं, सासर आमच्या धुळे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षवाल्यांनी काकांकडे बघून तिला उभं केलं. नाव तिचं, कारभार काकांचा, असं सगळ्यांनी धरलेलंच होतं. पहिल्या सभेला काका कडक इस्त्रीचा सदरा घालून निघाले. नगरपालिकेच्या पायरीवर अक्काने पिशवीतून दळणाचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. “तुम्ही गिरणीत जाऊन या, तोवर माझी सभा उरकते.” पुढे ती निवडून येत राहिली आणि काका दळण आणत राहिले. दोघंही सुखी होती. घरात मात्र ओटा कधी रिकामा नसे. कोणाचं रेशनकार्ड, कोणाची अडलेली बाळंतीण, कोणाची रुसून आलेली सून… अक्का भाकरी थापता थापता सगळ्यांचं ऐके आणि पीठ लागलेल्या हातानेच फोन लावे.

एका उन्हाळ्यात आठवडे बाजारात तिच्यासमोर एक भाजीवाली चक्कर येऊन पडली. अक्काने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर बाईने तोंड मिटून घेतलं. म्हणाली, “पानी पिसू तं जासू कोठे?” अख्ख्या बाजारात बायकांना जायला आडोसा नव्हता. खेड्यापाड्यातून आलेल्या बाया दिवसभर तहान मारून बसत. त्या दिवशी अक्का घरी आली ती गप्प. तिचं बोलणं आम्ही पचवत असू, पण गप्प बसणं… बाजाराच्या कोपऱ्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचा ठराव तिने मांडला. नेमक्या त्याच जागी तेव्हा नगराध्यक्ष असलेल्या नानांना वडिलांच्या नावाची स्वागत कमान हवी होती. ठराव पुढच्या सभेवर गेला. तिथून त्याच्या पुढच्या.

हिवाळ्यात, सभेच्या आदल्या दुपारी, नानांनी सगळ्या नगरसेवकांना शेतावर भरीत खायला बोलावलं. खानदेशात मतं वळवायची ती अशी, वांगं भाजून. अडचण एकच होती. मागच्या वर्षी नानांच्या आचाऱ्याने भरितात टोमॅटो घातला होता आणि गाव ते विसरलं नव्हतं. शेवटी नाना स्वतः आमच्या ओट्यावर आले. म्हणाले, राजकारण राजकारणाच्या जागी, भरीत भरिताच्या जागी, आणि जळगावकडचा हात इथे फक्त तुमचा. दुसऱ्या कोणत्याही मुलखातला पुढारी ही चूक करणार नाही. अक्का अगदी विनयाने हो म्हणाली. तो विनय बघूनच मला घाम फुटला.

बाजारातल्या बायांना मदतीला घेऊन ती ट्रॅक्टरने शेतावर पोचली. वांगी गॅसवर भाजणं तिला पाप वाटे. ती भाजायची पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळक्या झाडांवर. वेचणी झालेलं वावर समोर उभंच होतं, ते तिने बायांकडून सगळं उपटवलं. वावर आयतं मोकळं होतंय म्हणून नाना खूश. मग वांगी भाजली, लाकडी बडगीत घोटली, आणि मिरची तिने सासरमाहेर विसरून घातली. मंडळी डोळे पुसत पुऱ्या हाणत होती आणि अक्का मठ्ठ्याची बादली घेऊन पंगतीत फिरत होती. “घ्या नाना, तिखट लागलं असेल.” मठ्ठ्यावर मठ्ठा.

पंगत उठली आणि हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं. वावर तळहातासारखं सपाट, आडोशाला काडी नाही. चारही बांधांवर बाया बसलेल्या, गाणी म्हणत. मोटरच्या खोलीत भांडी रचलेली. गाड्यांचे ड्रायव्हर नुकतेच पानावर बसलेले. नाना एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाले, “अक्का, ड्रायव्हरला उठवा. उशीर होतोय.”

“जेवत्या माणसाला पानावरून उठवू, नाना?”

“मग बायांना तरी एका बाजूला बसवा.”

“का?”

नानांनी पुन्हा पाय बदलला. आता अक्काचा आवाज उतरला. “या बाया सकाळी बाजारात बसतात, दिवे लागल्यावर उठतात. तुमच्या मिशीवरचा मठ्ठा अजून वाळला नाही.”

नानांनी बांधाकडे बघितलं. त्यातल्या निम्म्या बाया त्यांच्या मतदार होत्या. काही तर त्यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या.

“उद्या ठराव घेतो,” ते म्हणाले.

“आणि कमान?”

“अक्का, कमानीचं मरू द्या.”

अक्काने हात वर केला, आणि बाया उठून शिस्तीत विहिरीपलीकडे गेल्या. गावचा कारभार करणारी माणसं उलट्या दिशेला जी पळाली, त्याचं वर्णन करायला अक्काच हवी होती.

दुसऱ्या दिवशी सभेत पहिला हात नानांचा वर गेला. इमारत उभी राहिल्यावर नानांच्या वडिलांचं नाव तिला द्यावं, असं अक्काने फार प्रेमाने सुचवलं. नानांनी हात जोडले.

तेरावं झाल्यावरच्या बाजारी मी मुद्दाम तिकडे गेलो. त्या कोपऱ्याजवळ मेथीच्या जुड्या मांडून एक तरुण बाई बसली होती. अक्का कोण, हे तिला ठाऊकही नसावं. भर उन्हात, भर बाजारात तिने मोठी बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा निम्मी संपवली. मी बघतच राहिलो. तिला वाटलं, मला तहान लागली आहे. पदराने बाटलीचं तोंड पुसून तिने ती माझ्यापुढे धरली.

“पानी जोयजे का, भाऊ?”