लोकाटाच्या पानाची मागची बाजू

डॉक्टरकाका काउंटरवर हात टेकून खोकत होते आणि दर खोकल्यागणिक माझी नोकरी थोडी थोडी दाराकडे सरकत होती. मागे काकू पर्स पोटाशी धरून उभ्या. दुकानातली इतर गिऱ्हाइकं हळूच निघून गेली. औषधाच्या दुकानात कोणी असं खोकायला लागलं की धंद्याला शोभत नाही.

"तूच दिलीस ना रे ही पानं?" श्वास सापडल्यावर काकांनी विचारलं.

मीच दिली होती. म्हणजे काकूंना दिली होती.

लंडनच्या हाउन्सलो भागात चिनी जडीबुटीच्या एका दुकानात मी काम करतो. मी मूळचा तासगावकडचा. नववीत शाळा सोडली. शाळेलाही फार वाईट वाटलं नाही. बायको इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मी तिच्या व्हिसावरचा डिपेंडंट. एअरपोर्टच्या आसपास जिथे जाईन तिथे सर्टिफिकेट मागायचे. दुकानाच्या मालकीणबाई, मिसेस लिन, यांनी ते मागितलंच नाही. माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, सोमवारपासून ये. त्यांचं इंग्लिश तुटकं, माझंही तुटकं, पण दोघांचे तुकडे बरोबर जुळतात. त्या बाईंचे उपकार मी विसरायचा नाही. म्हणूनच काका खोकत होते तेव्हा मी सारखा आतल्या पडद्याकडे बघत होतो, बाई बाहेर येतात की काय.

आता पानांविषयी. लोकाट म्हणून एक पिवळं, आंबटगोड फळ असतं. त्याच्या झाडाचं पान चिनी वैद्यकात खोकल्यावर देतात. फुफ्फुसात चढलेली उष्णता ते खाली उतरवतं, असं त्यांचं म्हणणं. मळमळीवर साधं पान आणि कोरड्या खोकल्यावर मधात परतलेलं पान. खरंखोटं मिसेस लिन जाणोत, मला विचाराल तर उष्णता चढते कुठून हेच मला अजून कळलेलं नाही. पण एक गोष्ट पक्की कळलीय. या पानाच्या मागे बारीक तपकिरी लव असते, जुन्या घोंगडीसारखी. ती पोटात गेली तर घशात टोचते आणि खोकला जायच्या ऐवजी वाढतो. म्हणून पान ब्रशने घासायचं, मग चिरायचं, मग मधात परतायचं. घरी उकळतानासुद्धा फडक्यात बांधून उकळायचं. दुकानात घासायचं काम माझं. आईने लहानपणी माझे दात कधी घासले नसतील इतक्या मायेने मी ती पानं घासतो.

तरीही त्या क्षणी मला वाटलं, झालं. एखादा गठ्ठा घासायचा राहिला असणार.

काका साधे काका नव्हते. मेडनहेडला राहणारे, छातीच्या विकारांचे कन्सल्टंट म्हणून रिटायर झालेले. आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी भाषण त्यांचंच. यंदा सर्दीनंतर खोकला मागे राहिला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, एक्स-रे काढला, काही नाही म्हणाला, जाईल हळूहळू. काकूंना हळूहळू मान्य नव्हतं. त्या नवऱ्याला न सांगता आमच्याकडे आल्या आणि पाकीट घेऊन गेल्या. पुढे काकांना कळलं, पण तोवर थोडं बरं वाटायला लागलं होतं, म्हणून ते बोलले नाहीत. आणि आता हे.

"मी कौन्सिलला कळवणार आहे," काका म्हणाले. "यात काय भेसळ आहे ते लॅबमध्ये निघेल."

कौन्सिलवाले, म्हणजे इथल्या नगरपालिकेची माणसं, आले तर दुकान बंद, दुकान बंद तर मी घरी, आणि घरी बसून बायकोला काय तोंड दाखवणार. एवढा सगळा प्रवास माझ्या डोक्यात होऊन गेला तोवर मिसेस लिन पडदा सारून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काकूंना एवढंच विचारलं, कसं शिजवलंत?

"शिजवायचं कशाला?" काकू मला मराठीत म्हणाल्या. "मिक्सरला लावलं, मध घातला, चाटण केलं. काढा यांना जात नाही, नाक मुरडतात." आणि त्यांनी पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली.

चाटण म्हणजे काय हे मी मिसेस लिनना कसंबसं सांगितलं. अख्खं पान, वाटून, बोटाने चाटायचं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग डबी उघडून दोन बोटांत थोडं चोळून पाहिलं आणि बोटं माझ्यासमोर धरली. हिरवीगार.

आमची पानं मधात परतून काळपट तपकिरी होतात. हिरवा रंग त्यांच्यात औषधालाही नसतो.

"हे हिरवं कुठून आलं, विचार," त्या म्हणाल्या. मी विचारलं.

काकू पर्सची चेन उघडझाप करू लागल्या. "पाकीट संपलं होतं. पुन्हा हाउन्सलोपर्यंत कोण येणार? शेजारी हेच झाड आहे. फांदी कुंपणावरून आपल्याच बाजूला येते. फोनवर फोटो काढून खात्री केली मी, उगाच नाही काही. कढीपत्ता तोडतो तशी पानं तोडली, धुतली आणि वाटली."

"मागून घासली?" मी विचारलं.

"मागून काय घासायचं?"

काका खोकायचे थांबले. "म्हणजे तू मला शेजाऱ्याचं झाड खायला घातलंस?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, आधीच्यापेक्षा हे ताजं लागतं."

यावर मला हसू फुटलं असतं तर नोकरी तिथेच गेली असती. मी वाकून जमिनीवर नसलेला कचरा उचलला.

काउंटरवरचा फोन मिसेस लिननी काकांच्या पुढे सरकवला. कौन्सिलला जरूर सांगा, म्हणाल्या, मीही सगळं सांगेन, डबीसकट. काकांनी फोनकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. छातीच्या डॉक्टरने शेजाऱ्याचं झाड मधातून चाटलं, ही केस सरकारी माणसाला कोणत्या शब्दांत सांगायची, याचा त्यांनी बराच विचार केला असावा.

"राहू दे," ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "घासलेलं पाकीट आहे का एखादं?"

मी वळलोसुद्धा होतो. मिसेस लिननी माझी बाही धरली. आज काही मिळणार नाही, त्यांनी सांगितलं. आधी घसा बरा होऊ दे, जीपीला पुन्हा दाखवा, मग बघू. गिऱ्हाइकाला नको म्हणणारी मालकीण मी पहिल्यांदा पाहिली.

चाटण बंद केल्यावर काकांच्या घशातली टोचणी गेली, खोकलाही जीपी म्हणाला होता तसा हळूहळू गेला. गणपतीत त्यांनी भाषण केलं, तेही इतकं लांब की मागच्या रांगेतल्यांना खोकल्याची आठवण येऊ लागली. मला बघून त्यांनी मान हलवली. डबीचा विषय दोघांनीही काढला नाही.

माझी नोकरी राहिली. मिसेस लिन मला एवढंच म्हणाल्या की तुझी पानं मी रोज तपासते, तू उगाच घाबरतोस. हे आधी सांगितलं असतं तर त्या दिवशी मी जरा कमी घाबरलो असतो. आता लोकाटाच्या पाकिटावर चिनी आणि इंग्लिशच्या खाली माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात मराठी ओळही असते: मिक्सरमध्ये वाटू नये.

धंद्यात मी शिकलो ते एवढंच, की औषध कसं घ्यायचं हे गिऱ्हाइकाला सांगून भागत नाही. शेजारी कुठलं झाड आहे तेही विचारून घ्यावं लागतं.