दर चार तासांनी, भरपूर पाण्याबरोबर

इस्माईलभाई रमजानच्या अठराव्या रोज्याला, बुधवारी, दुपारी तीनच्या आधी गेले. त्यांना न्यूमोनिया झाला होता. तो उतरणीला लागला होता, असं डॉक्टर सांगतात. पण लघवी बंद झाली आणि दोन दिवसांत अंग सुजलं. मागे पत्नी साबेराभाभी आणि दोन मुली आहेत. मला बातमी तारऑफिसच्या पायरीवर कळली. आणखी एक संस्थान विलीन झाल्याचा मजकूर मी नुकताच माझ्या पेपरला पाठवला होता.

ते हातमागावर लुगडी विणत. बुऱ्हाणपुरात आमची घरं एका बोळात, समोरासमोर. माग थांबला की ते आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि मी पेपर वाचून दाखवत असे. कोणतं संस्थान गेलं, कोणता राजा सही करायला तयार नाही, यावर त्यांची टिप्पणी चाले. दर रमजानला पहाटेच्या सहरीच्या आणि संध्याकाळच्या इफ्तारच्या वेळांचा कागद मशिदीतून तेच आणून देत आणि मी तो छापायला पाठवत असे. एका वर्षी छपाईत चूक झाली, तेव्हा ते बोळात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, तुमच्या पेपरनं सहरी दोन मिनिटं लांबवली. त्या दोन मिनिटांत कोणी पराठा खाल्ला तर गुनाह कोणाचा? त्याचा का तुमचा?" भाभी आतून म्हणाल्या, "पराठा तुम्हीच खाल्ला ना, मग दुसऱ्याला काय विचारता!" वेळा मला मिनिटासकट पाठ होत्या. त्या वेळांच्या मध्ये माणूस काय करतो आणि काय करत नाही, हे मी चौदा वर्षांच्या शेजारात एकदाही विचारलं नाही.

बाराव्या रोज्याला त्यांना ताप भरला, छातीत कळ येऊ लागली. मी टांगा करून त्यांना दवाखान्यात नेलं. तपासून झाल्यावर ते बाहेर बाकावर खोकत बसले आणि मी आत थांबलो, कारण डॉक्टर परगावचे, नवे, आणि माझ्या ओळखीचे. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. दर चार तासांनी एक, भरपूर पाण्याबरोबर. मग लेखणी थांबवून त्यांनी मला विचारलं, "यांचे रोजे चालू असतील. दिवसा पाणी घेतात का?"

"घेतात," मी म्हणालो. "औषधपाण्याला कुठे बंदी असते?"

एकादशीला आमच्या घरी औषध चालतं, पाणी चालतं, चहासुद्धा चालतो. माझ्या उत्तराला एवढाच आधार होता. इस्माईलभाई दारापलीकडे चार पावलांवर बसले होते. मी त्यांना हाक मारली नाही. तारऑफिस बंद व्हायला वीस मिनिटं होती आणि खिशात मजकूर होता.

परतताना टांग्यात त्यांनी विचारलं, "डाक्टरसाहेब रोजा सोडा बोलले का?"

"नाही, तसं काही म्हणाले नाहीत."

"पक्कं?"

"पक्कं."

ते "मग ठीक" म्हणाले. त्या प्रश्नाचा अर्थ मला दफनानंतर तिसऱ्या दिवशी मशिदीच्या इमामांनी सांगितला. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे मगरिबच्या अजानपर्यंत, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. आजाऱ्याला मात्र सूट आहे. राहिलेले रोजे तो बरा झाल्यावर धरतो. आजार तेवढा आहे की नाही, हे आमच्या भागातले लोक डॉक्टरच्या शब्दावर ठरवतात. इस्माईलभाईंनी तो शब्द माझ्याकडून घेतला होता. मग दिवसभराच्या गोळ्या त्यांनी रात्रीत बसवल्या. दोन इफ्तारला, दोन झोपताना, दोन सहरीला. जून सरत आला होता, पाऊस नव्हता आणि ताप असताना ते दिवसभर कोरडे राहिले. डॉक्टरांकडे जाऊन हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "या गोळ्यांना पाणी कमी पडलं की मूत्रपिंडात खडे धरतात. म्हणूनच मी तुम्हाला विचारलं होतं."

मधल्या सहा दिवसांत मी दोनदा त्यांच्या दारात उभा राहून "गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारलं. दोन्ही वेळा ते "बरोबर घेतो" म्हणाले. ते खरं बोलत होते. सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्यांदा विचारताना माझ्या हातात चहाचा कप होता.

हे सगळं मी गेल्या शुक्रवारी साबेराभाभींना सांगितलं. सांगावं की नाही, यात तीन आठवडे गेले होते. त्या सूत उकलत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "म्हणजे डाक्टरला ठाऊक असतं, तर त्यानं सोडायला लावला असता?"

मी हो म्हणालो.

"आणि यांनी सोडला असता," त्या म्हणाल्या. "डाक्टरचं ऐकत होते ते."

मग हात थांबले. त्यांनी सांगितलं की बुधवारी दुपारी आपण फडकं ओलं करून इस्माईलभाईंच्या ओठांना लावलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि विचारलं, "मगरिब झाली?" भाभींनी नाही म्हटलं. तेव्हा दोन वाजले होते.