भुभूकाकांचं हसू

माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, कार्टूनमधल्या कुत्र्याचा आवाज काढतात. चार तरुण पोरं आणि एक भित्रा कुत्रा गाडीतून हिंडतात, ओसाड घरांतल्या भुतांचा छडा लावतात, अशी ती जुनी मालिका. मराठीतली कुत्र्याची प्रत्येक कुंई भाऊजींची. इमारतीतली मुलं त्यांना भुभूकाकाच म्हणतात.

काम त्यांना तुकड्यांत मिळे. भूत आलं, कुत्रा थरथरला, एवढंच पडद्यावर दाखवायचे; भाऊजी कुंईकुंई करून मोकळे. शेवटचं हसणं मूळ आवाजातलंच ठेवत. मालिका लागायची तेव्हा भाऊजी छापखान्यात पाळीवर. त्यांनी एकही गोष्ट पुरी पाहिलेली नाही, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

परवा ते तोंड पाडून आले. मालिकेचे नवे भाग निघाले होते आणि नव्या दिग्दर्शकबाईंना हसणंही त्यांचंच हवं होतं.

"घसा बसेपर्यंत हसलो, वहिनी. बाई म्हणतात, खोटं वाटतं. उद्या जमलं नाही तर दुसरा माणूस घेणार."

"मग मनापासून हसा की!"

"कसा हसू? आत्ताच तर समोर भूत उभं होतं!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, ते भूत नसतं. मुखवटा घातलेला माणूस असतो."

"या भागात?"

"सगळ्याच भागांत."

भाऊजी बघतच राहिले. "दीपगृहातलं ते हिरवं?"

"तिथला रखवालदार."

"आणि बिनडोक्याचं?"

"हॉटेलमालकाचा भाचा. जागा लाटायची होती त्याला."

"चादर पांघरून? कोर्ट-कचेऱ्या बंद होत्या का?"

मी एक जुना भाग लावला. मुखवटा निघाला, पोरं हसली, कुत्रा हसला. भाऊजी मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"वहिनी, हा कुत्रा दर वेळी यांच्याबरोबरच असतो ना? मग पुढच्या वेळी परत का घाबरतो?"

"विसरत असेल."

"आणि तुम्ही? सगळं ठाऊक असून?"

"मीही घाबरते थोडीशी," मी म्हणाले, आणि माझाच गोंधळ उडाला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आग्रहावरून मी स्टुडिओत गेले. भाऊजींनी बाईंना एकच विनंती केली, "तुकडे नकोत. पहिल्यापासून ओळीनं दाखवा." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण दाखवलं.

भूत आलं, भाऊजी कुंईकुंई करत माइकमागे दडले. शेवटी मुखवटा निघाला. भाऊजींच्या तोंडून आधी एक लांबलचक "ऊंऽऽ?" निघाला, आणि मग असं हसू फुटलं की काचेपलीकडचा ध्वनिमुद्रकही हसायला लागला.

"हेच ठेवायचं. त्या 'ऊं'सकट," बाई म्हणाल्या. "पुढचे भागही तुम्हीच करा. आता घ्यायचा तो गोदामातल्या भुताचा. त्यात खरं म्हणजे तो मुनीम..."

"सांगू नका!" भाऊजींनी दोन्ही कान झाकले. "या वेळी खरंही असेल."